कुंपण ओलांडणारा उजेड

पुण्या-नाशिककडच्या रो-हाउसपुढे जेमतेम दहा बाय पंधरा फुटांची बाग असते. फाटक, तिथून दारापर्यंत फरशीची वाट, एका कडेला तुळस, दुसऱ्या कडेला जास्वंद आणि मोगरा, भिंतीवर चढवलेला एखादा वेल. एवढ्याशा जागेत दिवे कोणते लावायचे, हा प्रश्न इलेक्ट्रिकच्या दुकानात दहा मिनिटांत सुटतो. फाटकाच्या खांबांवर दोन गोल दिवे, झाडाखाली वर तोंड केलेला फोकस, भिंतीवर पांढराशुभ्र एलईडी आणि वाटेच्या कडेने सौरदिव्यांची रांग. दुकानदार वॅट सांगतो, गिऱ्हाईक किंमत विचारते. या व्यवहारात एक तात्त्विक प्रश्न मात्र न विचारताच निकालात निघालेला असतो: अंधार ही काही वस्तू आहे का? नसेल, तर दिवा लावणारा कोणाचे काही घेत नाही, त्याच्या हातून फक्त देणेच घडते. असेल, तर दिवा लागला की काहीतरी काढून घेतले जाते. मग ते कोणाचे, किती आणि कशासाठी, हेही विचारणे भाग पडते.

हा वाद जुना आहे, आणि आपल्या दर्शनकारांनी तो फार चुरशीने घातला आहे. कणादांच्या वैशेषिकसूत्रांत अंधार म्हणजे तेजाचा अभाव, यापलीकडे त्याला अस्तित्व नाही. कुमारिल भट्टांच्या परंपरेतल्या मीमांसकांना हे मान्य नव्हते. अंधार काळा दिसतो, शिवाय सरकताना दिसतो. ज्याला रंग आहे आणि गती आहे त्याला द्रव्य म्हणायचे नाही तर काय म्हणायचे, असा त्यांचा सवाल. त्यावर उत्तर आले की सरकते ती सावली नव्हे, दिवा हलतो किंवा दिव्याआड आलेली वस्तू हलते आणि गती अंधारावर लादली जाते. दहाव्या शतकाच्या अखेरीस श्रीधरांनी ‘न्यायकंदली’त तिसरी वाट काढली आणि अंधार म्हणजे आरोपित काळा रंग असे म्हटले, उदयनाचार्यांना तीही पटली नाही. आजचे पदार्थविज्ञान कणादांच्या बाजूने कौल देईल, हे उघड आहे. अंधाराचे कण नसतात. पण गंमत पुढेच आहे. अंधाराला अभाव ठरवणाऱ्या याच परंपरेने नंतर अभावाला सातवा पदार्थ म्हणून मान्यता दिली. जमिनीवर घडा नाही, हे ‘नसणे’ खरे असते, ते एका विशिष्ट जागी असते, त्याचे ज्ञान होते, आणि घडा आणून ठेवला की ते नाहीसे होते. म्हणजे अंधार हा निव्वळ अभाव आहे असे मानले तरी ‘मग काहीच गेले नाही’ हा निष्कर्ष नैयायिकाच्याही घरी चालत नाही. आणि अभावाला किंमत असते हे कळायला दर्शनग्रंथच उघडावे लागतात असे नाही. अंगण म्हणजे बांधकामाचा अभावच. तरी अंगण असलेल्या घराची किंमत जास्त असते, आणि शेजाऱ्याने आपल्या अंगणावर छज्जा काढला तर आपण ‘गेले काय, मोकळी जागाच तर होती’ असे म्हणत नाही.

तर या अभावावर कोणाकोणाचे काय अवलंबून आहे ते पाहू. रातराणी, प्राजक्त, ब्रह्मकमळ ही फुले रात्री उमलतात. दिवसाच्या कीटकांसाठी ती नाहीत. त्यांचा सुगंध आणि पांढरा रंग पतंगांना उद्देशून आहे. दिव्याभोवती घिरट्या घालणाऱ्या पतंगाला आपल्या कवींनी प्रेमवेडा ठरवले. २०२४च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने या प्रेमकथेची रया घालवली. उडते कीटक पाठ उजेडाकडे ठेवून तोल सांभाळतात, कारण लाखो वर्षे रात्रीही आकाश जमिनीपेक्षा उजळ होते. जवळ दिवा आला की त्यांची ‘वर’ची जाणीव बिघडते आणि ते त्याच्याभोवती फिरत राहतात, दमेपर्यंत. प्रेमाचा यात काही संबंध नाही, दिशाभूल आहे. स्वित्झर्लंडमधल्या कुरणांवर कृत्रिम दिवे लावून केलेल्या २०१७च्या अभ्यासात फुलांवर येणाऱ्या निशाचर कीटकांच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या, आणि तिथल्या एका काटेरी वनस्पतीची फळधारणा १३ टक्क्यांनी कमी झाली. दिवसा येणाऱ्या कीटकांना ती तूट भरून काढता आली नाही. शेवंतीला तर कीटकही मध्ये लागत नाहीत. ती रात्रीची लांबी मोजून कळ्या धरते, आणि मधेच उजेड पडला की तिचा हिशेब चुकतो. पॉलिहाउसमधले उत्पादक फुले लांबवायला हीच युक्ती जाणूनबुजून वापरतात. बागेतल्या फोकसखाली लावलेली शेवंती का फुलत नाही म्हणून खत बदलत बसणाऱ्यांनी एकदा दिव्याकडेही पाहावे. माणसाचे शरीरही असेच रात्र मोजते. निळसर पांढऱ्या उजेडाने झोपेशी निगडित मेलाटोनिन सर्वांत जास्त दबते, आणि समोरच्या घराच्या बेडरूमला आपला फाटकाचा दिवा हा रात्रभराचा पाहुणा असतो. आवाजाच्या बाबतीत ही गोष्ट आपल्याला समजते. भिंतीपलीकडून रात्री अकरा वाजता लाउडस्पीकर वाजला तर तो आपल्यावर अन्याय आहे, हे सांगायला २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत आणि तक्रार करायची सवयही आहे. उजेडाने कुंपण ओलांडले तर मात्र शेजारी हौशी ठरतो.

असे का, याचे उत्तर धार्मिक संस्कारात शोधावे लागते. उजेड शुभ, अंधार अशुभ, हे आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की जास्त उजेड म्हणजे जास्त शुभ हे गणित आपोआप जुळते. उपनिषदांतली अंधाराकडून प्रकाशाकडे नेण्याची प्रार्थना शाळेशाळेत म्हटली जाते. पण तिथला अंधार अज्ञानाचा आहे. ज्ञानदेवांनी पसायदानात जो अंधार जाण्याची इच्छा केली तो दुष्कर्माचा आहे, गावच्या पाणवठ्यावरच्या रात्रीचा नव्हे. आणि त्याच पसायदानात त्यांनी सूर्य मागितला तो न पोळणारा. रूपक होते ते आपण जसेच्या तसे घेतले आणि आकाशातल्या रात्रीवरच मोहीम काढली. प्रत्यक्ष रात्रीबद्दल परंपरा काय म्हणते ते पाहायचे तर ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले रात्रिसूक्त आहे. तिथे रात्र ही देवी आहे. तिला असंख्य डोळे आहेत, म्हणजे तारे. आणि स्वतःच्या त्या उजेडाने तीच अंधार दूर सारते. तिच्या येण्याने गावे, पाखरे, जनावरे विसावतात. लांडग्यापासून आणि चोरापासून राख, अशी विनवणी तिलाच केली आहे. चोराची भीती त्या काळीही होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण त्या भीतीकडे परत यायचे आहे. जैनांच्या कल्पसूत्रातली हकिगत तर या संदर्भात फार बोलकी आहे. महावीरांचे निर्वाण झाले त्या रात्री अठरा राजांनी दिवे लावले, कारण ज्ञानाचा प्रकाश गेला होता आणि आता निदान जड प्रकाश तरी असावा. दोन प्रकाश वेगळे आहेत आणि एकाने दुसऱ्याची जागा भरत नाही, हे त्या दिव्यांमागचे दुःख होते. आपल्या बंगल्यांच्या कंपाउंडवरच्या दिव्यांना ते दुःख माहीत नाही.

मग उजेड किती असावा? इथे बृहदारण्यकोपनिषदातला जनक-याज्ञवल्क्य संवाद मला सर्वांत उपयोगी वाटतो, जरी तो बागेच्या दिव्यांसाठी कोणी वाचत नसले तरी. जनक विचारतो, माणसाला कोणता प्रकाश आहे? याज्ञवल्क्य म्हणतात, सूर्य. त्या प्रकाशात तो बसतो, बाहेर जातो, काम करतो आणि परत येतो. सूर्य मावळल्यावर? चंद्र. चंद्रही मावळल्यावर? अग्नी. अग्नीही विझल्यावर? वाणी, स्वतःचा हात दिसत नसला तरी जिकडून आवाज येतो तिकडे माणूस जातो. आणि वाणीही थांबल्यावर आत्मा. भाष्यकारांचे लक्ष अर्थातच शेवटच्या पायरीवर असते. मला प्रत्येक पायरीवर पुन्हा येणारी ती चार कामे महत्त्वाची वाटतात: बसणे, जाणे, काम करणे, परत येणे. प्रकाशाची व्याख्या इथे त्याच्या तेजाने केलेली नाही, त्याने माणसाला काय करता येते यावरून केली आहे. शिवाय प्रत्येक पायरीला प्रकाश लहान होत जातो आणि तरीही पुरतो. चंद्राबद्दल ‘सूर्यापेक्षा कमी’ अशी तक्रार जनक करत नाही.

ही कसोटी दहा बाय पंधराच्या बागेला लावली तर दुकानातली यादी बरीच आटोपते. या जागेत रात्री कोणती कामे होतात? फाटकाची कडी सापडली पाहिजे, पायरी दिसली पाहिजे, कुलपात किल्ली गेली पाहिजे, आलेला माणूस कोण हे कळले पाहिजे. कधी दोन खुर्च्या टाकून बसणेही होते. यांतल्या कशालाही जास्वंदीच्या शेंड्यावर उजेड लागत नाही, आकाशात तर नाहीच. आकडे पाहा. नऊ वॅटचा साधा एलईडी बल्ब सुमारे ९०० ल्युमेन देतो. मेणबत्ती देते साधारण साडेबारा. म्हणजे एका बल्बमध्ये सत्तर मेणबत्त्या. तो बल्ब उघडा आहे आणि सगळीकडे सारखा फाकतो असे धरले, तर तीन मीटरवर सुमारे आठ लक्स उजेड पडतो. पौर्णिमेचा स्वच्छ चंद्र साधारण पाव लक्स देतो, आणि त्या चांदण्यात माणसे पिढ्यान्‌पिढ्या चालली आहेत. तेव्हा वाटेला गुडघ्याच्या उंचीचे, वरून झाकलेले, दीड-दोन वॅटचे दिवे पुरतात. पायरीला तिच्या पोटात बसवलेला लहान दिवा. दारावर टोपी असलेला, खाली तोंड केलेला एकच दिवा, ज्याचा बल्ब रस्त्यावरून दिसणार नाही. रंग खोक्यावर ‘वॉर्म व्हाइट’ लिहिलेला, २७०० केल्व्हिन किंवा त्याहून खाली. ६५०० केल्व्हिनच्या ‘कूल डेलाइट’मध्ये निळा भाग जास्त, आणि हवेत विखुरतोही तोच जास्त. सौरदिव्यांची रांग रात्रभर कोणासाठीही जळत नसते, नुसती जळत असते. त्यापेक्षा सेन्सर किंवा घरातून हाताशी येणारे बटन बरे. झाडाच्या बुंध्याशी ठेवून वर मारलेला फोकस मात्र कुठल्याच कामाचा नाही. त्याचा बराचसा उजेड पानांतून निसटून सरळ वर जातो, आणि पानांवर पडतो तोही ज्याला नको त्याच्यावर पडतो.

इथे जैन आचारशास्त्राने एक फार नेमका भेद करून ठेवला आहे. जैन साधू दिवा लावत नाहीत. अग्नीतही जीव आहे अशी त्यांची धारणा आहे, आणि दिव्यावर येऊन मरणाऱ्या किड्यांचा विचार तर रात्रिभोजनाच्या निषेधातही आहे. हे वाहवा म्हणून वहीत टिपून ठेवायचे सुभाषित नव्हे. आजही पाळला जाणारा नियम आहे. पण गृहस्थाने असेच वागावे असे जैन धर्म सांगत नाही. घर चालवताना काही हिंसा होणारच, हे गृहीत धरून त्याच्यासाठी वेगळी व्रते सांगितली आहेत, आणि त्यांत एक आहे अनर्थदंडविरमण: निष्कारण, कसल्याही प्रयोजनाशिवाय होणाऱ्या हिंसेपासून परावृत्त होणे. स्वयंपाकाचा विस्तव अर्थासाठी झाला. उगाच पेटवलेले गवत अनर्थ. पायरीवरचा दिवा काही पतंगांना भुलवेल, ते घर बांधल्याबरोबर आलेले ओझे; आकाशाला मारलेला फोकस भुलवेल ते अनर्थदंडात जमा. शुद्ध अंधाराचा आग्रह न धरताही उजेडाची नैतिक छाननी करता येते, ती या भेदामुळे.

यावर पहिला आणि सर्वांत जोरकस आक्षेप सुरक्षेचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक गृहवसाहतींत मोकळ्या जागांवर जादा दिवे उभारून केलेल्या प्रयोगात रात्रीचे, घराबाहेर घडणारे गंभीर गुन्हे सुमारे ३६ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. उलट इंग्लंड आणि वेल्समध्ये ६२ स्थानिक संस्थांच्या नोंदींवर आधारित २०१५च्या अभ्यासाला रस्त्यावरचे दिवे कमी केल्याने गुन्हे वा अपघात वाढल्याचा पुरावा सापडला नाही. दोन्ही अभ्यास सार्वजनिक जागांचे आहेत, खासगी बागेचे नाहीत, आणि त्यांच्यातून एकच सरळ निष्कर्ष काढणारा माणूस काहीतरी विकत असण्याची शक्यता जास्त. रात्री उशिरा स्टेशनवरून घरी चालत येणाऱ्या बाईला उजळलेला रस्ता मिळणे हा तिचा हक्क आहे, याबद्दल दुमत नको. याज्ञवल्क्यांच्या यादीतले ‘परत येणे’ तिचेही आहे. प्रश्न एवढाच की फाटकावरचा झगझगीत गोळा तिला मदत करतो का. माणसाचा डोळा अंधाराला पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटे घेतो आणि एका झगझगाटाने ती कमाई क्षणात जाते. डोळ्यावर येणाऱ्या दिव्याच्या मागे काय आहे ते दिसत नाही. लपणाऱ्याला तीच जागा सोयीची. चेहरा दिसावा तर उजेड चेहऱ्यावर पडला पाहिजे, पाहणाऱ्याच्या डोळ्यात नव्हे. कोकणात सापाचे भय सांगतात, तेही खरे आहे, मण्यार रात्रीच फिरते. पण रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांमागे बेडूक आणि पाली येतात, आणि त्यांच्या मागावर साप येऊ शकतो. पाय टाकायच्या जागी पडणारा टॉर्चचा उजेड हे त्या भीतीचे नेमके उत्तर आहे.

दुसरा आक्षेप असा की ही पोट भरलेल्यांची चैन आहे. ज्या घरात परवापरवा वीज आली त्याला अंधाराचे गुण सांगायचे का? असे सांगणारा निर्लज्जच म्हणावा लागेल. मात्र वर मांडलेली कसोटी त्या घराच्या विरुद्ध जात नाही, बाजूने जाते. जिथे मुलाला वाचायला आणि बाईला विहिरीवरून यायला उजेड नाही तिथे चारही कामे अडली आहेत, आणि तो उजेड देणे हे समाजावरचे ऋण आहे. एका बाजूला कामापुरता उजेड नसणे आणि दुसऱ्या बाजूला बिनकामाचा उजेड उधळणे, या दोन्ही गोष्टी एकाच मापाने चुकीच्या ठरतात. पूर्वी हे माप तेल करत असे. समईत तेल किती घालायचे हे घरातल्या बाईला ठाऊक असे, वात संपली की दिवा संपला. एलईडीने उजेड इतका स्वस्त केला की विजेचे बिल आता मोजमाप करत नाही, आणि जे काम बिलाने होत होते ते विवेकाने करण्याची वेळ आली. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळाले, आणि ते योग्यच होते. स्वस्त झालेली वस्तू जास्त वापरली जाते हा काही त्या शास्त्रज्ञांचा दोष नव्हे.

‘माझ्या दोन दिव्यांनी काय फरक पडतो, आख्खे शहर उजळलेले आहे’ हा तिसरा युक्तिवाद मला सर्वांत कमकुवत वाटतो. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात पाठवलेल्या ५१ हजारांहून अधिक नोंदींवरून असे दिसले की रात्रीचे आकाश वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत होते. नोंदी मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या होत्या, हे खरे. तरी ती वाढ कोण्या एका कारखान्याची नव्हती. ती ‘माझ्या दोन दिव्यांनी काय होते’ म्हणणाऱ्यांची बेरीज होती. शिवाय शेजाऱ्याची खिडकी, आपलीच रातराणी, आपल्याच भिंतीवरचा पतंग यांना शहराच्या सरासरीशी देणेघेणे नाही. २०२४च्या जानेवारीत पेंच व्याघ्रप्रकल्पाला भारतातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली याचा आनंद आहेच, पण अंधार जंगलात राखीव ठेवला की गावातली जबाबदारी संपली, असा त्याचा अर्थ घेतला जाण्याची भीती वाटते.

राहिला सणांचा प्रश्न. दिवाळीतही हा हिशेब करायचा का? मला वाटते, इथे परंपरा आपल्यापेक्षा हुशार आहे. तिने उजेडाचे सण अंधाराच्या तिथीला बांधले: दिव्यांची पूजा आषाढ अमावास्येला, लक्ष्मीपूजन आश्विन अमावास्येला. दीपमाळ मंदिरापुढे बाराही महिने उभी असते, पेटते मात्र त्रिपुरी पौर्णिमेसारख्या ठरावीक दिवशी. आनंदासाठी लावलेला दिवा निष्प्रयोजन नसतो; आनंद हेही प्रयोजन आहे, आणि पाहुणे येणार म्हणून किंवा पोरांच्या हौसेखातर बागेत माळा सोडल्या तर अनर्थदंडाचा धाक घालण्याचे कारण नाही. अडचण सुरू होते ती त्या माळा तुळशीच्या लग्नानंतरही, संक्रांत उलटल्यावरही, रोज आपोआप लागत राहतात तेव्हा; कारण तोपर्यंत त्यांच्याकडे कोणी पाहत नसते, घरातलेसुद्धा. आकाशकंदील उतरवायचा दिवस जसा प्रत्येक घराला ठाऊक असतो, तशी बागेतल्या प्रत्येक दिव्याला मालवायची एक वेळ असावी, आणि दिवा विकत घेतानाच ती ठरवावी. बटन कुठे बसवायचे हे वायरमन विचारतोच.